रुपया घासू नका, त्याची नोंद करा



लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आपल्या इतवाऱ्यात बहुतेक घरी एक काम ठरलेले असते. देवघरातले चांदीचे रुपये बाहेर निघतात, चिंचेच्या कोळात भिजत पडतात आणि मग घरातले एखादे मूल ओट्यावर बसून ते राखेने घासत बसते. लहानपणी हे काम माझ्याकडे होते. आमच्या आजीकडे १९०६ सालचा सातव्या एडवर्डचा एक रुपया होता. मी तो दरवर्षी इतका मन लावून घासला, की आजी कौतुकाने म्हणायची, "बघा, आरशासारखा केला पोराने!"

मोठेपणी नाण्यांचा नाद लागला, तेव्हा तोच रुपया मी एका जुन्या संग्राहकांना दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिले, हसले आणि म्हणाले, "राजाचे केस कुठे गेले?" खरेच, कानावरचे केस, दाढीचे बारीक पीळ, सगळे सपाट झाले होते. बाजारात फिरून एवढी झीज व्हायला कितीतरी वर्षे लागली असती. मी ती दहा दिवाळ्यांत केली होती.

ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. त्यात बऱ्हाणपूरचे नाव आहे, मोगलांच्या खजिन्याची चर्चा आहे. मार्च महिन्यात असीरगडाच्या पायथ्याशी शेकडो माणसे रात्रीच्या वेळी टॉर्च लावून, कुणी तर धातू शोधण्याचे यंत्र घेऊन, शेते उकरताना साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. सोन्याची नाणी सापडतात, अशी अफवा होती. शेवटी पोलिसांना आणि प्रशासनाला तिथे जावे लागले. बाहेरगावचे नातेवाईक आपल्याला फोन करून विचारत होते, "काय हो, तुम्हाला किती सापडली?"

आजीचा रुपया घासणारा मी आणि रात्री शेत उकरणारी ती माणसे, दोघांची चूक मला एकच वाटते. नाणे हातात आहे, पण ते वाचायचे असते हे ठाऊक नाही. एकाला ते फक्त चमकायला हवे आहे, दुसऱ्याला ते फक्त विकायला हवे आहे. माझे म्हणणे असे आहे की आपल्या शाळेने मुलांना तिसरी वाट दाखवावी. नाणे पाहणे, तोलणे, त्याची प्रत ठरवणे, त्याचा नीट फोटो काढणे आणि घरातल्या मोठ्यांना विचारून त्याची नोंद ठेवणे, हा छंद सहावीपासून पुढच्या वर्गांत सुरू करावा. त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि मोगलांच्या मोहरा नव्हेत, तर इंग्रजी अमदानीतली नाणी घेऊन सुरुवात करावी, कारण ती आपल्या घरात आहेत.

मोहरांच्या मागे लागणाऱ्यांनी आधी एवढे लक्षात घ्यावे, की बऱ्हाणपूर ही खरोखरच नाण्यांची नगरी होती. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला, त्या विजयाची आठवण म्हणून ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहर 'असीर' या नावाने पाडली गेली. जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांच्या काळात बऱ्हाणपूरच्या टांकसाळीत रुपये पडत होते. पुढे पेशवे आले, शिंदे आले, तेव्हाही नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. १८१९ मध्ये असीरगड कायमचा इंग्रजांच्या हाती गेला आणि १८६० च्या सुमारास शहरही शिंद्यांकडून त्यांच्याकडे आले. मग यंत्रावर पाडलेला, काठाला बारीक रेघा असलेला 'कलदार' आपल्या बाजारात पक्का बसला. आपल्या पणजोबांनी सुताचे, कापसाचे, जरीचे पैसे मोजले ते या कलदारात. म्हणून असीरगडाच्या मातीत जे शोधायला लोक रात्रभर जागले, त्याहून आपल्या जवळचा इतिहास घरच्या पितळी डब्यात पडून आहे.

त्या डब्यात काय सापडते, ते थोडे सांगतो.

सर्वांत जुना बहुधा १८३५ चा किंवा १८४० चा रुपया असतो. १८३५ पूर्वी कंपनी सरकारही आपल्या टांकसाळीत शाह आलम बादशहाच्या नावाचे फार्सी अक्षरांतले रुपये पाडत असे. १८३५ मध्ये कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला आणि त्यावर पहिल्यांदा इंग्लंडच्या राजाचे, चौथ्या विल्यमचे, डोके आले. १८४० पासून व्हिक्टोरिया राणी आली. १८६२ पासून नाण्यावरून कंपनीचे नाव गेले. या १८६२ च्या रुपयाची एक गंमत आहे. त्यावरचे साल पुढची दहाएक वर्षे बदललेच नाही. मुंबईच्या टांकसाळीने सालाजवळ बारीक टिंबे दिली आणि त्या टिंबांवरून संग्राहक वर्ष ओळखतात. म्हणजे '१८६२' लिहिलेले दोन रुपये शेजारी ठेवले, तर ते एकाच वर्षाचे असतीलच असे नाही. भिंग घ्या आणि टिंबे मोजा.

१८७६ पर्यंतच्या रुपयावर राणीच्या नावापुढे 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस' आहे. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले गेले. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य असते. राणीछाप रुपयात तो एक शब्द बोटाने चाचपता येतो.

एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० चे. त्यावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कहाणी तर आजही सांगितली जाते. राजाच्या अंगावरच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड एवढी आखूड उतरली, की लोकांना तो डुक्कर वाटला. लोक नाराज झाले, सरकारला ते रुपये मागे घ्यावे लागले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरून नवे रुपये पाडले गेले. बाजारातल्या सामान्य माणसाच्या नाराजीपुढे बादशाही टांकसाळीला साचा बदलावा लागला, ही गोष्ट मला फार आवडते.

मग युद्धे आली. पहिल्या महायुद्धात चांदीचा एवढा तुटवडा पडला, की ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली आणि १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकत दिली. त्याच १९१८ साली मुंबईत इंग्लंडच्या टांकसाळीची शाखा चालली आणि तिथे सोन्याची गिनी पाडली गेली. घोड्यावरच्या जॉर्जच्या खाली जमिनीची जी रेघ आहे, तिच्यावर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असेल, तर ती गिनी मुंबईची. ज्यांच्या घरी गिन्या आहेत, त्यांनी एकदा बघावे.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने आणखी सोपा मार्ग काढला. १८३५ पासून रुपयात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी होती. १९४० पासून ती निम्मी झाली. वजन तेच, किंमत तीच, चांदी अर्धी. १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी पैशाला मधोमध भोक पडले, तोच आपल्या आजोबांचा 'भोकाचा पैसा'. आणि १९४७ चा रुपया तर चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, आणि त्यावर वाघ आहे. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. चांदीचा चिकटत नाही.

लहान नाण्यांची नावे तर आपल्या बऱ्हाणपूरच्या मुलांनी मुद्दाम शिकावीत. कारण आपण घरी मराठी बोलतो आणि बाजारात हिंदी. मराठीतली चवली म्हणजे दोन आणे. हिंदीतली चवन्नी म्हणजे चार आणे, तिला मराठीत पावली म्हणतात. अधेली म्हणजे आठ आणे, हिंदीत अठन्नी. पणजीच्या हिशेबाच्या वहीत 'चवली' वाचून नातवाने चार आणे धरले, तर सारा हिशेब चुकणार. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर झाले. तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला पावपैशासाठी काय घोळ पडला असेल, याचे गणित सातवीच्या वर्गात एकदा घालून पाहावे.

आता प्रत ठरवण्याविषयी. संग्राहक नाण्याला अक्षरशः मार्क देतात. इंग्रजी नाण्यांसाठी 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन', 'अनसर्क्युलेटेड' अशा पायऱ्या आहेत. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली, ती आज जगभर वापरतात. हे फक्त मोठ्या व्यापाऱ्यांचे काम आहे असे समजू नका. नियम साधा आहे. नाण्यावर जो भाग सर्वांत उंच, तो सर्वांत आधी झिजतो. राणीच्या रुपयावर मुकुटाची नक्षी आणि कानाजवळचे केस पाहा. एडवर्डचे केस आणि दाढी पाहा. पंचम जॉर्जच्या मुकुटाची नक्षी आणि साखळीतला तो हत्ती पाहा. हत्तीचे पाय आणि सोंड स्पष्ट दिसत असतील, तर नाणे फार फिरलेले नाही. हत्तीचा नुसता गोळा झाला असेल, तर नाण्याने पुष्कळ हात पाहिले आहेत.

या कामाचा मला दिसलेला मोठा फायदा वेगळाच आहे. आपल्याच नाण्याला कमी मार्क द्यायला जो मुलगा शिकतो, तो बाकी ठिकाणीही स्वतःला फसवत नाही. पालकहो, परीक्षेत मिळालेल्या गुणांबद्दल आपण शिक्षकांशी भांडतो. इथे परीक्षकही आपण आणि विद्यार्थीही आपले. खोटे मार्क दिले, तर शेजारच्या मुलाचा हत्ती आपल्याला खोटे पाडतो.

फोटोविषयी थोडे. आज घरोघरी मोबाइल आहे, तेवढा पुरे. फ्लॅश बंद करा, चांदीवर तो पांढरा डाग पाडतो. सकाळी खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी साधे काळे किंवा करडे कापड पसरा. नाणे काठाला धरून ठेवा, तोंडावर बोट लावू नका, घामाचा डाग वर्षानुवर्षे राहतो. मोबाइल दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर आडवा ठेवा, म्हणजे हात हलणार नाही आणि नाणे गोलाचे लंबगोल होणार नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा केला, की सावलीतली बाजूही उजळते. झीज दाखवायची असेल, तर कागद काढून टाका, आडव्या उजेडात प्रत्येक ओरखडा बोलतो. दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, काठाचाही एक हवा आणि एका फोटोत शेजारी मोजपट्टी हवी. फोटो 'सुंदर' करण्याच्या सोयी मोबाइलमध्ये पुष्कळ असतात, त्यांना हात लावू नका. नाण्याचा काळपटपणा हा घाण नसून त्याच्या वयाची साय आहे. ती फोटोतही तशीच दिसली पाहिजे.

वजनासाठी सराफ्यात ओळखीच्या सोनारकाकांना विनंती करा, ते नाही म्हणणार नाहीत. रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. पूर्वी सोनार तराजूत तोळ्याच्या जागी रुपयाच ठेवत असत. अधेली त्याच्या निम्मी, पावली चौथाई. वजनात मोठा फरक निघाला, तर समजा काहीतरी गडबड आहे. धनत्रयोदशीला विकले जाणारे पंचम जॉर्जचे कितीतरी 'जुने' रुपये अलीकडे पाडलेले असतात. राम-सीता किंवा हनुमान आणि 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असे लिहिलेली तांब्याची नाणी तर कंपनीने कधी काढलीच नव्हती. ती यात्रेत विकण्यासाठी मागाहून तयार केलेली आहेत. देवघरात असतील तर भक्तीने जरूर ठेवा, पण लाखो रुपये मिळतील या आशेने कुणाला फोन करू नका.

यावरून आठवले. जुने नाणे द्या आणि लाखो रुपये घ्या, असे फोन आणि संदेश अनेकांना येतात. आधी 'नोंदणी शुल्क', मग 'कर', मग 'वाहतूक' असे पैसे मागितले जातात आणि नाणे घ्यायला कुणीच येत नाही. असल्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. रिझर्व्ह बँक असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्कही मागत नाही. ज्या मुलाला भोकाचा पैसा कोट्यवधींनी पाडला गेला हे माहीत आहे, तो आपल्या आजोबांना अशा फोनपासून वाचवू शकतो. या छंदाचा एवढा एक उपयोग झाला, तरी पुष्कळ आहे.

या सूचनेला विरोध होणार हे मला माहीत आहे. काही विरोध मी आधीच ऐकला आहे आणि तो अगदीच चुकीचा आहे असेही नाही.

पहिला आक्षेप असा, की इंग्रज राजांचे चेहरे मुलांना कशाला दाखवायचे? जरा उलट विचार करा. रुपयातली चांदी निम्मी करून किंमत तीच ठेवणारे राज्य कसे होते, हे शंभर भाषणांपेक्षा १९३८ आणि १९४० चे दोन रुपये शेजारी ठेवून लवकर कळते. आणि या मालिकेच्या शेवटी १९५० चे नाणे ठेवा. राजाचे डोके गेले आहे, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत, रुपयावर गव्हाच्या ओंब्या आहेत. हा बदल तळहातावर घेऊन पाहिलेला मुलगा प्रजासत्ताक दिनाला झेंड्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. यातून हाव वाढेल, मुले घरातली चांदी चोरून आणतील, नाहीतर असीरगडाला कुदळ घेऊन जातील. म्हणूनच माझी सूचना अशी आहे, की एकही नाणे शाळेत यायचे नाही. शाळेत यायचा तो फक्त फोटो आणि नोंदीचा कागद. नाणे घरी, आईवडिलांसमोर, त्यांच्या परवानगीने पाहायचे आणि जिथल्या तिथे परत ठेवायचे. नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव व पत्ता न लिहिता नुसता क्रमांक लिहावा, म्हणजे कुणाच्या घरी किती चांदी आहे याची जाहिरात होणार नाही. किंमतीचा रकानाच ठेवू नये. साल, टांकसाळ, वजन, प्रत आणि 'हे नाणे आपल्या घरी कसे आले' एवढेच रकाने पुरेत.

आणि कुदळीबद्दल मुलांना स्पष्ट सांगावे. जमिनीतून काढलेले नाणे म्हणजे पुस्तकातून फाडलेले पान. ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल होते, हे नोंदवून काढले तरच ते काही सांगते. रात्री टॉर्चच्या उजेडात उपटले, की त्याची अर्धी गोष्ट मेली. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचे धन जमिनीत सापडले, तर कलेक्टरांना कळवणे बंधनकारक आहे, लपवणे गुन्हा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. ती स्वतःहून देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. ज्यांची मुले अमेरिकेत, दुबईत आहेत, त्यांनी प्रेमाने आजीचा राणीछाप रुपया त्यांच्या बॅगेत घालून देऊ नये. फोटो पाठवा.

तिसरा आक्षेप एका पालकांनी घेतला, तो मला लागला. ते म्हणाले, "ज्यांच्या घरी चांदी आहे त्यांचा हा छंद. आमच्या घरी काय आहे?" मी त्यांना म्हटले, घरी शोधा तर खरे. भोकाचा पैसा, तांब्याचा पाव आणा, कंगोऱ्याचा एक आणा, चौकोनी दोन आणे हे सगळे काही रुपयांत मिळते आणि पुष्कळदा जुन्या पेटीच्या तळाशी फुकट मिळते. ज्या घरी तेही नसेल, त्या मुलाने २०११ साली बंद झालेल्या आपल्या चार आण्यांच्या, म्हणजे २५ पैशांच्या नाण्यापासून सुरुवात करावी. झीज ओळखायला, फोटो काढायला, नोंद करायला ते तितकेच चांगले आहे. हत्ती नसला म्हणून काय झाले, त्याच्या काही नाण्यांवर गेंडा आहे.

आता ज्या प्रसंगाने मला हा लेख लिहायला लावले, तो सांगतो आणि थांबतो.

आपल्याच शाळेतला एक मुलगा माझ्याकडे नाण्यांविषयी विचारायला येत असे. घरी पणजीची रुपयांची माळ होती. अकरा रुपये, प्रत्येकाला वर चांदीची कडी झाळलेली. संग्राहकाच्या लेखी कडी झाळलेले नाणे बाद, त्याला किंमत फक्त चांदीची. पण मुलगा चिकाटीचा. त्याने अकराही रुपयांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, साले लिहिली, प्रत ठरवली. राणीचे चार, एडवर्डचे दोन, जॉर्जचे पाच. मधला राणीचा रुपया सर्वांत जास्त झिजलेला होता. त्याने आजीला विचारले, हाच एवढा का झिजला? आजी म्हणाली, "माझ्या सासूबाईंना काळजी वाटली की त्या तोच रुपया अंगठ्याने चोळत बसायच्या."

पुढच्या वर्षी घरचे यंत्रमाग काही महिने बंद राहिले. कर्जाचा हप्ता होता, औषधपाणी होते. माळ सराफ्यात गेली आणि वितळली. मी त्यांना दोष देणार नाही. संकटाला मोडायची नाही तर चांदी घरात ठेवायची कशाला? आपल्या पूर्वजांनी ती त्याचसाठी ठेवली होती. परवा तो मुलगा भेटला, तेव्हा त्याने मला वही दाखवली. अकरा रुपये, बावीस फोटो आणि सहाव्या क्रमांकाच्या रुपयासमोर 'प्रत' या रकान्यात त्याने लिहिले होते, 'फार झिजलेले'. शेवटच्या रकान्यात आजीचे ते वाक्य होते. पणजीचा अंगठा आज त्या घरात फक्त त्या वहीत आहे.

नोंद झाली नसती, तर तेवढेही राहिले नसते. आपल्यापैकी किती घरांतून अशा माळा गेल्या असतील, कुणालाच माहीत नाही. ज्या आज्यांना 'हा रुपया कुणाचा' हे सांगता येते, त्या आता थोड्याच उरल्या आहेत. असीरगडाची माती आणखी शंभर वर्षे तिथेच राहील, आजी राहणार नाहीत.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ म्हणून सहावी ते नववीच्या प्रत्येक मुलाला एक छापील कागद द्यावा. एक नाणे, दोन फोटो, पाच रकाने. इतिहासाच्या सरांनी आणि चित्रकलेच्या बाईंनी मिळून ते तपासावेत आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी फोटोंचे प्रदर्शन लावावे. ज्यांना गोडी लागेल, त्यांची पुढे एखादी सहल नाशिकजवळ अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संशोधन संस्थेत किंवा मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात नेता येईल. खर्च म्हणाल तर कागदाचा आणि दोन भिंगांचा. भिंगे मी देतो.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच सांगणे. या दिवाळीला आईने चिंचेचा कोळ काढला, तर आधी तिला हा लेख वाचून दाखवा. पूजेला रुपया स्वच्छ पाण्याने धुऊन, मऊ कापडाने अलगद टिपून ठेवला तरी लक्ष्मी रागावत नाही. मग त्याला खिडकीजवळ न्या, फोटो काढा आणि आजीजवळ जाऊन बसा.

— एक माजी विद्यार्थी व पालक, इतवारा